अठ्ठावन्न रुपयांची पेंढी

मामा गोठ्यात पडले तो जून २०२३ चा दुसरा आठवडा. मामा म्हणजे माझे सासरे. पहाटेची धार काढून बादली घेऊन उठले, पाय सरकला, दूधही सांडलं आणि खुब्याचं हाडही मोडलं. ऑपरेशन झालं, वॉकर आला, आणि आता उकिडवं बसायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं. उकिडवं न बसता धार कशी काढायची, हे त्यांना विचारण्यात काही अर्थ नव्हता.

हे चाकणला कंपनीत, तीन शिफ्टमध्ये. पंधरा दिवसांतून एकदा येतात, आले की अर्धा वेळ झोपलेले असतात. आत्यांचे, म्हणजे सासूबाईंचे, गुडघे मामांच्या आधीच गेलेले. त्यामुळे तीन एकर रान, चार गाई, एक कालवड आणि एक वासरू माझ्या गळ्यात आलं. कुणी बसून ठरवलं वगैरे नाही. दुसऱ्या दिवशी पावणेपाचला चांदी हंबरायला लागली आणि मी उठले.

आमचं गाव संगमनेरच्या पठारावर. मुळा नदी खाली वाहते, आम्ही वर माळाला. विहिरीत चुलत सासऱ्यांचा निम्मा हिस्सा आहे, पाण्याची पाळी दिवसाआड, आणि मार्च लागला की मोटर दोन तासांत हवा ओढायला लागते. माझं माहेर संगमनेर शहरातलं, वडिलांचं स्टेशनरीचं दुकान. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, धार काढता येत होती, खुरपता येत होतं. पण सांगितलेलं काम करणं वेगळं आणि काय काम करायचं ते ठरवणं वेगळं, हे मला त्या पावसाळ्यात कळलं.

दुकानदाराची मुलगी असल्यामुळे मी पहिल्यांदा काय केलं, तर वही घातली. मुलाची मागच्या इयत्तेतली दोनशे पानी, निम्मी कोरी. डावीकडे आलेले, उजवीकडे गेलेले. मामांचा हिशेब भिंतीवरच्या कॅलेंडरवर असायचा. तारखेच्या चौकटीत बारीक अक्षरात ‘चां. भ.’, म्हणजे चांदी गाभण राहावी म्हणून भरवली. तिथून एकवीस दिवसांनी एक ठिपका, गाय उलटते का, म्हणजे परत माजावर येते का, ते बघायला. उलटली नाही तर पुढच्या कॅलेंडरवर नऊ महिने नऊ दिवस मोजून एक गोल. एवढ्या खुणांवर त्यांनी चाळीस वर्षं गोठा चालवला. पैशाची नोंद मात्र कुठेच नव्हती. मी विचारलं तर म्हणाले, “दुधाचा पगार येतो, त्यात भागतं.”

आमच्याकडे दुधाच्या पैशाला पगारच म्हणतात. दहा दिवसांनी येतो. कांद्याचे पैसे वर्षातून एकदा, ज्वारीचे तर आलेच तर. किराणा, शाळेची रिक्षा, मामांच्या गोळ्या हे सगळं पगारावर. तीन गाई दुधात, एक आटवलेली, दोन्ही वेळचं मिळून ३६ लिटरच्या आसपास दूध. डेअरीवर कॅन उतरला की नमुना मशीनमध्ये जातो आणि चिठ्ठी निघते: फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातला उरलेला घट्ट भाग), दर. सगळा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला बांधलेला. एसएनएफ ८.३ लागला की कापाकापी सुरू. माझ्या सुरुवातीच्या चिठ्ठ्या बऱ्या होत्या. जुलै २०२३ मध्ये सरकारनं ३४ रुपये दर ठरवून दिला तेव्हा मला वाटलं, आपला पायगुण चांगला दिसतोय. नोव्हेंबरात तोच दर २७ वर आला. लिटरमागे सात म्हणजे दहा दिवसांच्या पगारातून अडीच हजार गेले, आणि पेंडीचं पोतं होतं त्याच भावाला.

पण वहीत खरा खड्डा पडला तो दुधामुळे नाही. तो मला सव्वा वर्षानं दिसला.

त्या वर्षी ऑगस्ट कोरडा गेला. आमच्याच नाही, सगळ्या देशाचा. १९०१ पासून इतका कोरडा ऑगस्ट झाला नव्हता म्हणे. बाजरी करपली. चाऱ्याला टाकलेला मका कमरेइतका होऊन तुरे काढून बसला. सप्टेंबरच्या शेवटी थोडा ओलावा झाला म्हणून एकरभर मालदांडी ज्वारी पेरली. पठारावर मालदांडी दाण्यासाठी थोडीच पेरतात! तिचं ताट उंच, गोड, वाळलं की त्याचा कडबा जनावरं चाटूनपुसून खातात. दाणे निघतील ते वरकड. एरवी एकराला हजार-अकराशे पेंढी होते. फेब्रुवारीत काढली तेव्हा साडेतीनशे भरली, ती पण आखूड ताटांची. मामा वॉकर धरून बांधावर आले, गंजीकडे बघितलं आणि म्हणाले, “ही काय मार्च पार करत नाय.”

मार्च पार करायला मग उसाचे वाढे, म्हणजे शेंड्याची हिरवी पानं, आणले. खाली प्रवरेच्या पट्ट्यात ऊसतोड चालू असते, तिकडून पिकअप भरून वाढे येतात, स्वस्त पडतात, हिरवे असतात, गाई आवडीनं खातात. मला वाटलं सुटले. आठेक आठवडे जवळजवळ वाढ्यांवरच गोठा चालवला.

मार्चमध्ये चांदी व्याली. गोऱ्हा झाला, वार वेळेवर पडली, आत्यांनी चिकाचा खरवस केला. दुसऱ्या दिवशी पहाटे गोठ्यात गेले तर चांदी बसलेली, मान कुशीवर वळवून ठेवलेली, जणू शेपटीकडे बघतेय. हाका मारल्या, पाठीवर थाप मारली, हलेना. कानाला हात लावला तर बर्फ. मामांना ओट्यावरून ओरडून सांगितलं. ते तिथूनच म्हणाले, “कान गार हायेत ना? डॉक्टरला कॅल्शियम घेऊन ये म्हणाव. आणि तिला आडवी पडू देऊ नको, पोतं टेकव.” मातीनं भरलेली दोन पोती तिच्या बरगडीला लावून मी तिला धरून बसले. चारशे किलोच्या गाईला मी काय धरणार, पण बसले.

डॉक्टर आले तोवर उजाडलं होतं. त्यांनी बाटली कोमट पाण्यात ठेवली, मानेतली शीर दाबून फुगवली, सुई घातली. बाटली मला उंच धरायला लावली आणि स्वतः छातीला नळी लावून ठोके ऐकत राहिले. मधेच “खाली घ्या” म्हणायचे, मी बाटली खाली घ्यायची, म्हणजे थेंब हळू. घाईनं दिलं तर हृदय बंद पडतं, असं त्यांनी बाटली संपल्यावर सांगितलं. आधी सांगितलं नाही हे बरं केलं. निम्मी बाटली गेली आणि चांदीच्या मांडीचं कातडं थरथरायला लागलं. मग तिनं ढेकर दिली. मग शेण टाकलं. पाऊण तासात ती उठून उभी राहिली आणि पहिली गोष्ट काय केली, तर माझ्या ओढणीचं टोक तोंडात घेतलं.

डॉक्टरांनी गव्हाणीत बघून विचारलं, “नुसते वाढेच?” मी मान हलवली. वाढ्यांमध्ये एक आम्ल असतं, ते अंगातलं कॅल्शियम बांधून टाकतं. थोडे चालतात, त्यांच्यावरच पोट भरायचं नाही. गाय व्यायच्या तोंडावर तर नाहीच. एसएनएफ का लागत नाही हेही त्यांनी न विचारता सांगितलं. पोटात दमाचा चारा नाही, तर दुधात दम कुठून येणार?

मामांची एक म्हण आहे: गाय तोंडानं दूध देती. नऊ वर्षं ऐकत होते. त्या सकाळी ती मला म्हण वाटली नाही.

एप्रिल आला. पाऊण एकर उन्हाळी कांदा निघाला, ७५ क्विंटलच्या आसपास. निर्यातबंदी डिसेंबरपासून चालूच होती, बाजारात भाव १२५० चा. आणि वैरण संपलेली. ओट्यावर आमची बैठक झाली. मामांचं म्हणणं, कांदा सगळा साठवणीच्या चाळीत टाक, एक गाय लोणी गावच्या बाजारात वीक. माझं म्हणणं, वैरण नसताना सगळेच गाई विकायला काढतात, आत्ता कवडीमोल जाईल. कांदाच थोडा विकू. आत्या म्हणाल्या, चांदी सोडून कुणालाही विका. फोनवरून हे म्हणाले, तुम्ही ठरवा. यांचं हे वाक्य मी वहीत लिहून ठेवायला पाहिजे होतं, कारण नंतर दोनदा त्यांनी “तेव्हाच सांगत होतो” असं म्हटलं आहे.

मी ४० क्विंटल कांदा विकला. पन्नास हजार आले. त्याच आठवड्यात बाहेरगावाहून कडब्याची गाडी उतरवली: शेकडा २५००, दोन हजार पेंढी. पन्नास हजार गेले. वहीत डावीकडे-उजवीकडे बरोबर जुळलं, मी समाधानानं रेघ मारली. ४ मे ला निर्यातबंदी उठली.

आता सप्टेंबरवर येते. उरलेला ३५ क्विंटल कांदा चाळीत होता. सड आणि वजनातली घट मिळून पाव हिस्सा गेला, २६ क्विंटल बाजारात नेला आणि ३९०० भाव मिळाला. पावती घेऊन घरी आले, वही उघडली, एप्रिलची रेघ दिसली. एप्रिलमध्ये विकलेले ४० ठेवले असते, तर सड जाऊन ३० उरले असते. तीस गुणिले ३९००. एक लाख सतरा हजार. भागिले दोन हजार पेंढी.

साडेअठ्ठावन्न रुपये. मी पेंढी २५ ला घेतली असं समजत होते, ती मला अठ्ठावन्नला पडली होती. आणि भाव वाढणार हे कुणाला माहीत होतं, असं म्हणून त्यातून सुटका नाही, कारण घरात वैरण असती तर मला वाट बघता आली असती. मामांनीही गाय विकून तोटाच घेतला असता. चूक एप्रिलमधली नव्हतीच. ती जून २०२३ मधली, विहिरीचं पहिलं पाणी काय पिकवायला द्यायचं हे ठरवताना झालेली. आम्ही आधी कांदा बसवायचो, मग ज्वारी, आणि उरलेल्या कोपऱ्यात चारा. ज्यानं दहा दिवसांनी पगार यायचा त्याला कोपरा.

मधल्या काळातलं एक सांगून टाकते. जानेवारी २०२४ पासून लिटरला पाच रुपये अनुदान सुरू झालं. त्यासाठी गाईच्या कानात बारा आकडी पिवळा बिल्ला हवा आणि तो ऑनलाइन नोंदलेला हवा. आमच्या सोनीच्या बिल्ल्यातला एक आकडा नोंदवताना कुणीतरी चुकवला. एका सहामुळे सोनी सरकारदरबारी दुसऱ्याच कुणाची तरी गाय झाली. दुरुस्तीला मी पाच चकरा मारल्या. डेअरीवाले म्हणायचे दवाखान्यात जा, दवाखान्यात म्हणायचे डेअरीवर जा. शेवटी सोनीच्या कानाचा जवळून फोटो काढून नेला, तोही तिनं कान झटकल्यामुळे तिसऱ्यांदा नीट आला. पुढे ऑक्टोबरपासून खरेदी दर ३० चा २८ झाला आणि अनुदान पाचाचं सात. बेरीज तीच, हातात यायचे दोन कमी आणि वाट बघायचे दोन जास्त.

चांदीच्या गोऱ्ह्याबद्दलही लोक विचारतात. संकरित गाईचा गोऱ्हा औताला कुणी घेत नाही, ट्रॅक्टर आहेत. २०१५ च्या गोवंश हत्याबंदी कायद्यानंतर बाजारातही गिऱ्हाईक नाही. तो आमच्याकडेच आहे, खातो, मोठा होतोय. यापेक्षा जास्त लिहावंसं वाटत नाही.

तर चाऱ्यावरचा माझा उपाय, मुरघास: हिरवा मका बारीक करून, हवाबंद दाबून आंबवलेला चारा. २०२४ च्या पावसाळ्यात मी अर्धा एकर चांगल्या रानात मका पेरला, घरापासून लांबच्या तुकड्यात. लांब अशासाठी की मका उंच झाला की आमच्याकडे बिबट्या त्यात मुक्काम करतो, आणि शेतीची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्री पाण्याची बारी द्यायची वेळ आली की आत्या बांधावर बसून डबा वाजवायच्या. लष्करी अळी आली, सुरुवातीला एक फवारणी घेतली, मग पोंग्यात चिमूट चिमूट माती टाकत फिरलो. पाऊस मात्र चांगला होता.

मका कधी कापायचा यावर सगळं अवलंबून. लवकर कापला तर पाणी जास्त, सडतो. उशिरा कापला तर ताटं वाळलेली, दाबली जात नाहीत, आत हवा राहते. कणीस मोडून दाण्यात नख रोवायचं. दूध उडालं तर थांबायचं. दाणा दुधातून चिकात आला, नखाला कणकेसारखं लागलं, की कापणी. आमचा ऐंशीव्या दिवशी आला, पोळा होऊन तीन दिवस झाले होते.

ट्रॅक्टरवरची कुट्टी मशीन सांगितली होती. ती अर्ध्या ते पाऊण इंचाचे तुकडे करते. मुठीत कुट्टी घट्ट दाबून सोडायची: पाणी गळलं तर फार ओली, गोळा लगेच फुटला तर कोरडी, हळूहळू उमलला आणि तळवा नुसता ओलसर राहिला तर बरोबर. ही परीक्षा मामांनी खुर्चीवर बसून घेतली. दर दुसऱ्या बॅगेला “आण इकडं मूठभर” म्हणायचे.

बॅगा अर्ध्या टनाच्या, आत प्लॅस्टिकची पिशवी. वीतभर थर टाकायचा, गुळाच्या पाण्यात कालवलेलं आंबवण्याचं कल्चर शिंपडायचं आणि आत उभं राहून तुडवायचं. सगळी गोष्ट तुडवण्यात आहे. हवा राहिली की बुरशी. कडेला जास्त तुडवायचं, मधे आपोआप दबतं. मी, माझी जाऊ, मुलगा आणि दोन बायका मजुरीवर, दोन दिवस बॅगांमध्ये नाचत होतो. मुलाला वाटलं हा खेळच आहे, चौथ्या बॅगेनंतर तो शाळेचा अभ्यास आठवून घरात गेला. पायांना मक्याचा चीक आणि गूळ लागून माश्या बसायच्या. पिशवीचं तोंड पिळून, दुमडून, सुतळीनं आवळायचं, वरून मातीची पोती. सतरा बॅगा झाल्या.

आणि मग पंचेचाळीस दिवस काही करायचं नाही. उघडून बघायचं नाही. शेतीत काही न करण्याचं काम मला पहिल्यांदाच मिळालं आणि ते सगळ्यात अवघड गेलं.

पहिली बॅग वसुबारसेला उघडली, २८ ऑक्टोबरला, त्रेपन्न दिवसांनी. त्या दिवशी आम्ही गहू आणि दूधदुभतं खात नाही, बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी. संध्याकाळी गाय-वासराला ओवाळायचं होतं, म्हटलं नैवेद्यालाच नवी वैरण. सुतळी सोडली तर आंबट-गोड वास, इडलीचं पीठ फुगून वर आल्यासारखा. रंग पिवळसर हिरवा. मामा वॉकर टेकत आले, मूठभर नाकाशी धरली, म्हणाले, “हातभट्टी लावली का काय गं?”

चांदीनं हुंगलं आणि फुर्रकन नाकातून हवा सोडून तोंड फिरवलं. सतरा बॅगा, दोन दिवसांचं तुडवणं, आणि हिचं तोंड तिकडे. मग कडब्याच्या कुट्टीत दोन किलो कालवून ठेवलं. सकाळी गव्हाण चाटलेली. आठ-दहा दिवसांत गाईमागे पंधरा किलोवर आणलं. चमत्कार वगैरे झाला नाही. तीन गाईंचं मिळून दोन लिटर दूध वाढलं. पण चिठ्ठीवर ८.५ दिसायला लागला आणि कापाकापी थांबली.

नववी बॅग उघडली तर वरचा हातभर थर काळा, उबट वास. खालच्या कोपऱ्यात उंदरानं बोट जाईल एवढं भोक पाडलं होतं, तेवढ्यानं सगळी बॅग गेली. गाभण गाईला बुरशी म्हणजे धोका, म्हणून उकिरड्यात ओतली. बियाणं, खत, नांगरट, मशीन, मजुरी, बॅगा धरून खर्च २३,७५०. ती बॅग वजा जाता किलोला तीन रुपये पडले. यात माझी मजुरी धरलेली नाही. वहीत तो रकाना मी अजून काढलेला नाही, काढला तर काय दिसेल याचा अंदाज आहे.

पाच जनावरांना रोज ७५ किलो, म्हणजे एक बॅग साडेसहा दिवस. उरलेल्या बॅगा फेब्रुवारीपर्यंत पुरल्या, तोवर मालदांडी काढणीला आली. यंदा मी एक एकर मका म्हणते आहे. मामा म्हणतात अर्धाच कर, दुसऱ्या अर्ध्यात लसूणघास लाव, आणि कांद्याची जागा कमी करायची नाही. तीन एकरात हे सगळं कसं बसतं ते त्यांनी सांगितलेलं नाही. काल कॅलेंडरवर त्यांच्या बारीक अक्षरात जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ‘मका’ लिहिलेलं दिसलं, किती ते लिहिलेलं नाही.